दोन फुटांवर टांगलेला पिंजरा

एफवायला असताना फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला आमचा पहिला प्रयोग होता साध्या दोलकाचा. धाग्याला बांधलेला पितळी गोळा, स्टॉपवॉच आणि मीटरपट्टी. वीस आंदोलनांना लागणारा वेळ मोजायचा, धाग्याची लांबी बदलून पुन्हा मोजायचा, आणि त्यावरून गुरुत्वत्वरणाची किंमत, म्हणजे ‘जी’ काढायची. पुस्तकात ९८१ छापलेलं होतं. आमच्या टेबलावर आली ९६७.

माझ्या पार्टनरनं पेन्सिल घेतली, ९८१पासून उलटं गणित मांडलं आणि प्रत्येक लांबीला किती सेकंद ‘यायला हवे होते’ ते काढलं. सगळेच आकडे तंतोतंत जुळले तर सरांना संशय येईल, म्हणून दोन रीडिंगं तिनं मुद्दाम जराशी बिघडवली. शेवटी उत्तर आणलं ९८०.४. सरांनी जर्नलवर सही केली. पलीकडच्या टेबलावरच्या एकानं खरी रीडिंगं तशीच ठेवली होती. त्याला प्रयोग पुन्हा करायला लागला.

त्या दुपारी आम्ही लबाडी केली हे उघडच आहे. पण ती लबाडी करायला काय काय लागलं ते बघा. सूत्र उलटं फिरवता यावं लागलं. मोजमापात नैसर्गिक चूक साधारण किती असते याचा अंदाज असावा लागला. समोरचा माणूस कशावर शंका घेईल, याचा आधीच विचार करावा लागला. म्हणजे विचार करण्याची कुवत आमच्यात भरपूर होती. फक्त ९६७ का आलं, हे शोधायला ती वापरावी असं आमच्यापैकी कुणालाच वाटलं नाही.

कुवत आणि कल यांतला हा फरक या प्रकरणाचा विषय आहे.

मोजपट्टी

अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांनी १९१० साली ‘हाऊ वुई थिंक’ हे छोटं पुस्तक लिहिलं. विचाराची सुरुवात अडखळण्यातून होते, असं त्यात मांडलं आहे. काहीतरी जुळत नाही, मन अस्वस्थ होतं, आणि ती अस्वस्थता लवकर संपवावी म्हणून हाताला लागेल ते पहिलं उत्तर आपण उचलतो. चांगला विचार करणारा माणूस निकाल थोडा लांबवतो, अस्वस्थता सोसतो. ड्यूईंच्या मते ही सोसण्याची तयारी तर्कशास्त्राच्या नियमांइतकीच महत्त्वाची.

पुढे ऐंशी वर्षांनी, १९९० मध्ये, पीटर फॅसिओन या अभ्यासकानं ४६ तज्ज्ञांचं मत अनेक फेऱ्यांत अजमावून चिकित्सक विचाराची व्याख्या तयार केली. त्यातही दोन भाग पडले: कौशल्यं वेगळी आणि वृत्ती वेगळी. वृत्ती मोजण्यासाठी मग ७५ विधानांची एक प्रश्नावली निघाली. प्रत्येक विधानाशी आपण किती सहमत आहोत, हे विद्यार्थ्यानं सहा पायऱ्यांवर सांगायचं. त्यातून सात गोष्टी मोजल्या जातात: सत्यशोधन, मनाचा मोकळेपणा, पृथक्करणाची सवय, कामातली शिस्त, स्वतःच्या तर्कावरचा भरवसा, जिज्ञासा आणि प्रगल्भता. प्रत्येकीला १० ते ६० गुण. ४०च्या वर गेलात तर कल आहे असं मानायचं.

ही प्रश्नावली देशोदेशींच्या विद्यार्थ्यांनी, विशेषतः नर्सिंगच्या विद्यार्थ्यांनी भरली आहे. जिज्ञासेला बहुतेक ठिकाणी बरे गुण मिळतात. सत्यशोधनाला मात्र पुन्हा पुन्हा कमी मिळतात, अमेरिकेतल्या पहिल्या वर्षाच्या मुलांनाही. इथे सत्यशोधनाचा अर्थ जरा कडक आहे: आपल्याला नको असलेलं उत्तर निघण्याचा संभव असतानाही प्रश्न विचारायची तयारी. नवं काही कळावं असं सगळ्यांना वाटतं. आपलं चुकलंय हे कळावं, असं वाटणारे थोडे.

‘सत्यशोधन’ हा शब्द मराठी माणसाला काही अमेरिकेनं शिकवलेला नाही. जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापला तो २४ सप्टेंबर १८७३ला. त्या समाजातलेच नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची सभा भरवली, ती परळच्या सुपारीबागेत. ही सुपारीबाग म्हणजे परळमधल्याच भोईवाडा या वस्तीचा शेजार.

एका शब्दाची घडण

भोईवाड्यात उभं राहिलं की पाच-दहा मिनिटांच्या चालीवर केईएम, टाटा, वाडिया ही हॉस्पिटलं आणि हाफकिन इन्स्टिट्यूट. गावाकडून आलेला पेशंट इथे ‘चिकित्सा’ करून घ्यायला येतो. हा शब्द मराठीत दोन कामं करतो. वैद्यकात चिकित्सा म्हणजे उपचार आणि वाङ्मयात चिकित्सा म्हणजे पारख. पण घरात एखाद्याला ‘फार चिकित्सक आहे हो’ म्हणतात, तेव्हा ते कौतुक नसतं. भाजी निवडताना वेळ घालवणारा, स्थळात खोट काढणारा, लग्नाच्या याद्या दोनदा तपासणारा, असा तो माणूस.

शब्दाची घडण मात्र सुरेख आहे. संस्कृतात क्रियापदाच्या पहिल्या अक्षराची द्विरुक्ती करून इच्छा दाखवणारं रूप तयार होतं. जाणण्याची इच्छा ती जिज्ञासा. पिण्याची इच्छा ती पिपासा. ऐकण्याची इच्छा ती शुश्रूषा. आपण तिचा अर्थ रुग्णसेवा असा करून टाकला, तरी आधी ऐकून घेणं आणि मग सेवा हा क्रम त्या शब्दात अजून शिल्लक आहे. चिकित्सा त्याच साच्यातली. बारकाईनं जाणून घ्यावंसं वाटणं, हे तिच्या मुळाशी आहे. फॅसिओन यांनी ७५ विधानांनी जे मोजलं, ते या शब्दाच्या पोटात आधीपासून होतं. चिकित्सेला आधी ‘वाटावं’ लागतं.

चार इंचांची उडी

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीला डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी प्लेग ओळखला आणि मुंबईची झोप उडाली. प्लेग कशानं पसरतो, हे कुणाला नक्की ठाऊक नव्हतं. दूषित हवा, घाण, ओली जमीन, माणसाचा स्पर्श, धान्य अशी नाना कारणं पुढे केली जात. म्हणून गटारं धुतली, घरांची छपरं उतरवली, सामान जाळलं, माणसं स्टेशनवर अडवून तपासली. उपाय जोरात चालू होते आणि कारण अंदाजावर सोडलेलं होतं.

जीवाणुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी भायखळ्याला ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगवरची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली. आजची हाफकिन इन्स्टिट्यूट ती हीच.

कराचीत काम करणाऱ्या पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्येच उंदरांवरच्या पिसवांकडे बोट दाखवलं होतं. त्यांचं कुणी फारसं ऐकलं नाही. १९०५पासून प्लेग संशोधन आयोगानं परळमध्ये काम सुरू केलं, तेव्हा हा दावा कसाला लावायचं ठरलं. प्लेगनं मेलेले प्राणी जिथे होते तिथे पिसवाही सुटलेल्या. तिथे गिनी पिगचे पिंजरे ठेवले. काही पिंजरे जमिनीलगत, काही जमिनीपासून जेमतेम दोन इंचांवर आणि काही दोन फुटांवर टांगलेले.

या उंचीत सगळी गंमत आहे. पिसूची उडी साधारण चार इंचांची. प्लेग हवेतून येत असेल, तर दोन फुटांवरच्या प्राण्यालाही तो व्हायला हवा, कारण खोलीतली हवा सगळ्यांना सारखीच. पिसूतून येत असेल, तर वरचा प्राणी वाचायला हवा. झालं ते असं: जमिनीलगतच्या आणि दोन इंचांवरच्या प्राण्यांना प्लेग झाला. दोन फुटांवरचे वाचले.

आपल्या मनात असलेलं कारण खरं ठरवण्यासाठी पुरावे गोळा करणं सोपं असतं. पिसवा दाखवायच्या, त्यांच्या पोटातले जंतू दाखवायचे, झालं. या माणसांनी दुसरा प्रश्न विचारला: आपलं चुकत असेल, तर ते आपल्याला कशावरून कळेल? तो पिंजरा वर टांगला गेला तो या प्रश्नासाठी. विद्यापीठांच्या अभ्यासक्रमात ‘चिकित्सक विचार’ असा शब्द हल्ली सर्रास येतो. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही तो आहे. कुणी मला त्याचा अर्थ विचारला, तर मी परळचा हा पिंजरा सांगेन.

बाटली क्रमांक ५३ एन

त्याच परळातल्या प्रयोगशाळेच्या वाट्याला उलट अनुभवही आला. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मल्कोवाल गावात १०७ जणांना हाफकिनची लस टोचली गेली. आठवड्याभरानं त्यांतल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे दगावले. १९ही जणांची लस एकाच बाटलीतली होती: ५३ एन, परळहून आलेली.

ठपका कुणावर, हे लोकांनी आणि सरकारनं लगेच ठरवलं. हाफकिन यांनी लस निर्जंतुक करायची पद्धत थोडी बदलली होती, कार्बोलिक ॲसिडऐवजी उष्णता वापरायला सुरुवात केली होती. पद्धत बदलली आणि माणसं मेली. कारण डोळ्यांसमोर, सोपं, पटण्याजोगं. चौकशीचा निष्कर्षही परळमध्येच बाटली दूषित झाली असावी असा आला. हाफकिन यांना कामावरून दूर केलं गेलं.

पुढे चौकशीची कागदपत्रं उघड झाली, तेव्हा काही जाणकारांनी ती पुन्हा वाचली. बाटली भरून ४१ दिवस झाले होते. धनुर्वाताचे जंतू तेव्हाच आत शिरले असते, तर इतक्या दिवसांत रसात भरपूर विष साचलं असतं, बाटली उघडताना दुर्गंधी आली असती, लक्षणं लवकर दिसली असती. यांतलं काहीच झालं नव्हतं. आणि बाटली उघडण्याचा चिमटा मल्कोवालच्या मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता. तो नीट निर्जंतुक न करता तसाच वापरला गेला होता. जुलै १९०७ मध्ये मलेरियाचे संशोधक रोनाल्ड रॉस आणि इतर नऊ शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहून हाफकिन यांची बाजू मांडली. त्याच वर्षी ते दोषमुक्त झाले. प्रयोगशाळेला त्यांचं नाव मिळालं ते १९२५ मध्ये.

चौकशी करणारे अडाणी नव्हते. त्यांच्यापाशी कुवत होती, अधिकार होता, साक्षीपुरावे होते. एक पटणारं कारण हाती आलं आणि त्यांनी ‘आणखी काय असू शकेल?’ हे विचारायचं थांबवलं. पाच वर्षं एका माणसाची बेअब्रू झाली ती एवढ्यावरून.

वॉर्डातला प्रश्न

आता आजच्या भोईवाड्यात या. केईएमला जोडून असलेलं सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज १९२६ साली सुरू झालं. सेठ गोवर्धनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी देणगी देताना अट घातली होती की इथले शिक्षक सरकारी नोकरीत नसलेले भारतीयच असावेत. गोऱ्या डॉक्टरांशिवाय मेडिकल कॉलेज चालणार नाही, हे तेव्हाचं गृहीत होतं. विश्वस्तांनी ते मानलं नाही. डॉ. जीवराज मेहता पहिले डीन झाले.

या कॉलेजात आज येणारा मुलगा किंवा मुलगी ‘नीट’ ही प्रवेशपरीक्षा देऊन येते. १८० प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, एकच बरोबर. बरोबर असेल तर चार गुण, चुकलं तर एक वजा. दोन-तीन वर्षं क्लासमध्ये बसून मुलांनी एक सवय हाडीमाशी मुरवलेली असते: मिनिटभरात निकाल लावायचा आणि पुढे जायचं. शंका आली तर वेळ जातो, वेळ गेला तर रँक जाते. ड्यूई ज्याला निकाल लांबवणं म्हणतात, ते नेमकं इथे महागात पडतं.

मग ही मुलं वॉर्डात येतात. राउंडला एक केस प्रेझेंट करायची असते. बेडवर तिशीतला माणूस, दोन महिने ताप, रात्री घाम, वजन उतरलेलं, मानेत गाठी. विद्यार्थी एका दमात म्हणतो, “टीबी, सर.” परळच्या वॉर्डात हे उत्तर बहुतेकदा बरोबरही निघतं. मेख तिथेच आहे. नेहमी बरोबर येणारं उत्तर माणसाची शोधाशोध बंद करतं. ताप, घाम, वजन घटणं, गाठी ही सगळी लक्षणं लिम्फोमा या कर्करोगाचीही असतात, आणि टीबीची औषधं कित्येक महिने घेऊन मग पलीकडे टाटात पोचणारे पेशंट डॉक्टरांना नवीन नाहीत. म्हणून चांगला शिक्षक उत्तर ऐकून ‘बरोबर’ही म्हणत नाही आणि ‘चूक’ही म्हणत नाही. तो विचारतो, “आणखी काय असू शकेल?” आणि मग, “गाठीचा तुकडा तपासायला पाठवला का?”

वैद्यकात अशा शक्यतांच्या यादीला डिफरन्शियल डायग्नोसिस म्हणतात. मला तो दोन फुटांवरच्या पिंजऱ्याचाच भाऊ वाटतो. स्वतःवर विसंबू नये म्हणून एका व्यवसायानं पिढ्यान्‌पिढ्या घालून घेतलेली ही शिस्त आहे. विद्यार्थी स्वभावतः चिकित्सक असो वा नसो, रोज सकाळी नऊ वाजता त्याला तो प्रश्न ऐकावाच लागतो. वर्षभर ऐकला की सर समोर नसतानाही तो कानात वाजू लागतो. कल असा रुजतो.

बीए, बीकॉम, बीएस्सीच्या वर्गात हा राउंड नाही. तिथे सेमिस्टर नव्वद दिवसांत आटपतं, पोर्शन धावत संपतो, परीक्षेआधी आठ दिवस झेरॉक्सच्या दुकानात आयएमपी प्रश्नांचा गठ्ठा मिळतो. वर्गात हात वर करणाऱ्याकडे मागच्या बाकावरून ‘बसव ना आता’ असं पाहिलं जातं. मुलं विचार करत नाहीत अशी प्राध्यापकांची तक्रार असते. त्याच मुलांना कॉलेजच्या निवडणुकीत, क्रिकेटच्या निवड समितीवर, इन्स्टावरच्या एखाद्या भांडणात पुरावे मागताना ऐका, म्हणजे कुवतीबद्दलची शंका फिटेल. शंका काढल्याबद्दल जिथे काही मिळत नाही आणि जुळवाजुळव केल्याबद्दल सही मिळते, तिथे शहाणा विद्यार्थी जुळवाजुळवच करणार. आमच्या दोलकाचं तेच झालं.

दामोदर हॉल

चिकित्सेला वॉर्ड किंवा प्रयोगशाळाच लागते असं मात्र नाही. परळच्या दामोदर हॉलचंच पाहा. मार्च १९२४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथे सभा बोलावली आणि त्याच वर्षी जुलैत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. तिचं कार्यालयही इथेच. बाबासाहेब तेव्हा जवळच्या बीआयटी चाळीत दोन खोल्यांत राहत होते.

१९१३ ते १९१६ या काळात ते न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. ज्यांच्या पुस्तकाचा उल्लेख या प्रकरणात आधी आला, ते जॉन ड्यूई तिथे त्यांचे शिक्षक होते. जातिव्यवस्थेवरच्या, १९३६ साली छापलेल्या गाजलेल्या भाषणात बाबासाहेबांनी हे ऋण मोकळेपणानं मान्य केलं आहे. जन्मानं दिलेलं, ग्रंथानं सांगितलेलं, सगळे मानतात म्हणून खरं धरलेलं असं काहीही तपासणीतून सूट मागू शकत नाही, ही भूमिका घेऊन एक विद्यार्थी परत आला आणि गिरणगावातल्या चाळीपासून पुढे आयुष्यभर त्यानं ती चालवली. इथे शंका विचारण्याची किंमत बहिष्काराची होती, सहीची नव्हती. तरीही ती विचारली गेली.

पण एक खबरदारी. सगळ्यावर संशय घेणं म्हणजे चिकित्सा नव्हे. व्हॉट्सॲपवर ‘डॉक्टर आपल्यापासून लपवतात’ म्हणणारा स्वतःला चिकित्सकच समजत असतो. त्याला फक्त एक प्रश्न विचारा: तुमचं चुकत असेल तर ते कशावरून कळेल? त्याच्यापाशी पिंजरा नसतो. चिकित्सक माणूस दुसऱ्याच्या म्हणण्याला लावतो तीच फूटपट्टी स्वतःच्या म्हणण्याला लावतो. आंबेडकर ग्रंथ नाकारत, ते आधी ग्रंथ वाचून.

प्राध्यापकांना म्हणून एवढंच सांगावंसं वाटतं: प्रॅक्टिकलच्या दहा गुणांतले दोन गुण ‘उत्तर का चुकलं?’ या परिच्छेदासाठी ठेवा. व्हायव्हाला ‘आणखी काय असू शकेल?’ विचारा. आणि वर्षातून एकदा तरी वर्गात ‘हे माझं चुकलं होतं’ असं म्हणा. मुलं व्याख्यान विसरतील, पण तो दिवस विसरणार नाहीत.

आमच्या दोलकाचं सांगायचं राहिलं. ९६७ आलं याचं कारण साधं असणार: धाग्याची लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजायची असते, आम्ही बहुधा वरच्या टोकापर्यंतच मोजली. त्या सामग्रीतून दशांशापर्यंत बरोबर उत्तर येणं शक्यही नव्हतं. पण ज्या आकड्यासाठी आम्ही आमची खरी रीडिंगं खोडली, त्याची चौकशी मी पुढे बऱ्याच वर्षांनी केली. पृथ्वीवर ‘जी’ सगळीकडे सारखा नसतो, विषुववृत्ताकडे तो घटत जातो. ९८१ ही पॅरिस-लंडनकडची किंमत आहे. मुंबईची आहे साधारण ९७८.६.